एक भोक वाऱ्याला

"मामा, थांबली! बोट थांबली!"

"थांबली नाही रे, दम खातेय," मामा म्हणाला. पण त्याच्या चेहऱ्यावरचं हसू इंजिनाच्या आधीच बंद पडलं होतं.

भर पाण्यात! मागचा धक्का लांब राहिलेला, पुढचा अजून आगपेटीएवढा दिसतोय, आणि मधोमध मामाची बोट नुसती डुलतेय. सुट्टी नुकती कुठे लागली होती, आणि भिंगरी आणि तिचा दादा लांबू दोघंही ना इकडे ना तिकडे असे लटकले होते!

भिंगरी एका जागी बसत नसे म्हणून भिंगरी. लांबूला लांबू का म्हणायचे, ते मामाच्या बुटक्या दाराला त्याचं कपाळ आपटलं की आपोआप कळे. तिसरा गडी टिल्लू. हा मामाचा मुलगा, वयाने सगळ्यांत लहान आणि प्रश्नांनी सगळ्यांत मोठा.

मामाने इंजिनाची दोरी ओढली. खर्र... खर्र... काही नाही. पुन्हा ओढली. पुन्हा काही नाही.

"पोहत गेलो असतो तर एव्हाना पोचून कपडे वाळले असते," मांडीवर छत्री घेऊन बसलेले एक गृहस्थ पुटपुटले.

मामाने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पायाजवळ पेट्रोलची टाकी होती. नेहमीच्या सवयीने त्याने तिचं झाकण फिरवून काढलं आणि आत डोकावला. "पेट्रोल तर आहे बाबा!" झाकण परत लावलं, घाम पुसला, दोरी ओढली. भुर्रर्र! जसं काही घडलंच नव्हतं!

"बघितलंत? म्हातारी झालीय बिचारी. थोडी विश्रांती दिली की पुन्हा पळते."

टाकीतून इंजिनाकडे एक नळी जात होती आणि नळीच्या मध्ये लिंबाएवढा रबरी फुगा होता. टिल्लू त्याच्याकडे बोट दाखवून म्हणाला, "बाबा, बोट थांबते ना, तेव्हा हा फुगा चपटा होतो. रुसल्यासारखा!"

"टिल्ल्या, हात लावू नकोस त्याला! शंभरदा सांगितलं!"

झालं. मोठ्या माणसांना कान असतात, पण ते बहुतेक चष्मा अडकवायला.

पलीकडे पोचेपर्यंत बोट आणखी एकदा थांबली आणि परत येताना पुन्हा. अलीकडच्या धक्क्यावर अक्का कमरेवर हात ठेवून उभी होतीच.

अक्का म्हणजे मामाची आणि भिंगरीच्या आईची थोरली बहीण. शाळेत ती जेमतेम अक्षरं गिरवण्यापुरती गेली, पण शाळेचे हेडमास्तरसुद्धा तिच्यासमोर जपून बोलत. मामी पलीकडच्या दवाखान्यात कामाला, आठवडाभर तिकडेच राही. त्यामुळे घर अक्काचं, राज्य अक्काचं आणि तोंडाचा पट्टाही अक्काचाच.

"आली का राणीसाहेबांची पालखी?" ती कडाडली. "उद्या सकाळी बोटीच्या परवान्याचे साहेब येणार आहेत, आठवण आहे ना? त्यांच्यासमोर अशीच मध्ये बसली, तर काय करणार आहेस? त्यांना गाणी म्हणून दाखवणार?"

मामा खाली बघत दोर बांधत राहिला. "मिस्त्रींना सांगितलंय, अक्का. कार्बोरेटर बदलून टाकू म्हणतात."

"आणि नाही जमलं तर?"

"तर परवाना दुसऱ्याला मिळेल. मग मी जाईन शहरातल्या कारखान्यात. एवढी माणसं जातात, तसा मीही जाईन."

हे मामा अगदी हळू बोलला. पण टिल्लूने ते ऐकलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच त्याने पुढचा प्रश्न विचारला नाही.

घरी आल्यावर मन रमवायला लांबूने आपली बासरी काढली, ऐटीत डोळे मिटले आणि फुंकर मारली. सूर नाही! जोरात फुंकली आणि तोंड वेडंवाकडं करत उठला. "थू! थू! साबण! कुणी घातला हा?"

"मी," अक्का आतून म्हणाली. आवाजात लाज औषधालाही नाही! "उजाडल्यापासून पीं पीं, पीं पीं. बुजवून टाकलं भोक. घर कसं शांत झालं!"

भिंगरी खो खो हसली. अक्काची ही खासियतच होती. कपडे धुण्याच्या निळ्या साबणात ती बारीक पांढरी चिंधी मळून घट्ट गोळा करी, आणि घरात दिसेल ते भोक त्याने बुजवून टाकी. उंदराचं बीळ असो, खिडकीची फट असो की रॉकेलचा गळका डबा असो, अक्काचा अंगठा फिरला की काम फत्ते! आणि खोटं कशाला बोला, तो डबा खरोखरच कधी गळला नाही.

"चला रे, मिस्त्रींकडे जायचंय," मामाने हाक मारली, आणि तिघंही त्याच्या मागे पळाले.

मिस्त्रींचं दुकान म्हणजे लोखंडाचं जंगल. भिंतीवर पाने-पक्कडी, जमिनीवर तेलाचे डाग आणि मधोमध पाण्याने भरलेलं मोठं पिंप. बोटीचं इंजिन दुरुस्त झालं की त्या पिंपावर टांगून चालवून बघायचं, अशी तिथली रीत होती.

"तुझं इंजिन ना," मिस्त्री मामाला म्हणाले, "मला वेड लावणार आहे! कार्बोरेटर उघडला, धुतला, नवी सुई घातली, सांध्यांत नवी गॅस्केटं घातली. दोनदा! इथे पिंपावर लावलं की माझा चहा पिऊन होतो, पेपर वाचून होतो, तरी बंद पडायचं नाव नाही. आणि तुझ्या बोटीत गेलं की नखरे!"

"कार्बोरेटर म्हणजे नक्की काय असतं हो मिस्त्रीकाका?" टिल्लूने तोंड उघडलं एकदाचं.

"पेट्रोल आणि हवा मापात मिसळून इंजिनाला भरवणारी वाटी समज. माप चुकलं की इंजिन ठसकतं."

"मग ही जुनी वाटी फुटलीय का?" भिंगरीने विचारलं.

"फुटली नाही. अंगाला तडा नाही, कुठे गंज नाही, आतला दांडाही ढिला नाही. तसं काही असतं तर मी पहिल्याच दिवशी फेकायला लावला असता. अंग चांगलं असलं तर दुरुस्त करायचा, अंगच गेलं असलं तर बदलायचा, हा आमचा नियम."

"अंग चांगलं आहे, मग बदलायचा कशाला?"

मिस्त्रींनी डोकं खाजवलं. "कारण बोट थांबते!"

"बोट थांबते, पण कार्बोरेटर चांगला आहे..."

"ए मुली, तू वकील होणार आहेस का गं?" मिस्त्री वैतागले आणि त्यांनी खोक्यातून नवा चकचकीत कार्बोरेटर काढला. "हा घे. फक्त एक आहे. याची बैठक थोडी वेगळी आहे. इंजिनाचं तोंड या लांब कानशीने घासावं लागेल. आणि एकदा घासलं, की जुना परत बसणार नाही. विचार करून सांग."

मामाने जुन्या इंजिनावर हात ठेवावा तसा हवेतच हात ठेवला. मग मान हलवली. "घासा."

"संध्याकाळी चहाला येतो तुझ्या धक्क्यावर. ही हत्यारांची पिशवी आत्ताच घेऊन जा, तेवढंच माझं ओझं कमी!"

वाटेत मामा हत्यारांची पिशवी सावरत चालला होता. मग एकदम म्हणाला, "भिंगरे, तू अगदी तान्ही होतीस. इथे असतानाच तापाने फणफणलीस. वारा असा सुटला होता की कुणी बोट काढेना. मी काढली. याच इंजिनावर तुला पलीकडच्या दवाखान्यात नेलं. तुझी आई रडतेय, अक्का तुला छातीशी धरून बसलीय, आणि हे पठ्ठं एकदाही, एकदासुद्धा थांबलं नाही. पोचल्यावर मी त्याला हात जोडले होते. म्हटलं, बाबा, तुझे उपकार विसरणार नाही." तो जरासा हसला. "आणि आता त्याचंच तोंड घासायला निघालोय."

भिंगरी मामाचं बोट घट्ट धरून चालत राहिली.

दुपारी ती स्वयंपाकघरात बसली होती. अक्का तेलाचा नवा पत्र्याचा डबा उघडत होती. खिळा ठेवला, हातोडी मारली, ठक! एक भोक. मग समोरच्या कोपऱ्यात खिळा ठेवला, ठक! दुसरं भोक.

"दोन कशाला, अक्का? तेल तर एकातूनच येणार."

"एक तेलाला, एक वाऱ्याला," अक्का म्हणाली. "वारा आत गेल्याशिवाय तेल बाहेर येईल का? एकच भोक पाडून बघ. थोडं येतं, मग गुटूक गुटूक करतं, मग अडून बसतं. शाळेत काय शिकवतात गं तुम्हाला? नुसत्या सहली काढतात?"

भिंगरीचे डोळे मोठे झाले. थोडं येतं... मग अडून बसतं...

"अक्का, तू महान आहेस!" ती ओरडली आणि दाराबाहेर पळाली.

"ते मला माहीत आहे!" मागून अक्काचा आवाज आला. "पण चप्पल घालून जा!"

धक्क्याजवळ एक जुनी होडी उपडी पडलेली होती. तिच्या सावलीत तिघांची सभा भरली.

"ऐका," भिंगरी म्हणाली. "मिस्त्रींच्या पिंपावर इंजिन थांबत नाही, बोटीत थांबतं. इंजिन तेच, कार्बोरेटर तोच. मग वेगळं काय?"

"पाणी!" टिल्लू म्हणाला.

"छत्रीवाले काका!" लांबू म्हणाला.

"टाकी, गाढवांनो! मिस्त्री आपल्या दुकानातल्या डब्यातून पेट्रोल देतात. मामाची टाकी तिकडे कधी गेलीच नाही. टाकीत वारा जात नसेल तर? पेट्रोल थोडा वेळ येईल, मग अडेल, आणि फुगा..."

"चपटा!" टिल्लू उडालाच. "मी सांगत होतो! मी कधीपासून सांगत होतो!"

"हो रे राजा, तूच सांगत होतास," भिंगरी म्हणाली, आणि टिल्लूची छाती वीतभर फुगली.

"पण मग थोडी विश्रांती दिली की सुरू कसं होतं?" लांबूने शंका काढली.

"विश्रांतीने नाही! मामा दर वेळी झाकण उघडून बघतो ना? तेव्हा वारा जातो आत!"

लांबूने शीळ घातली. मग त्याचा चेहरा पडला. "कुणी ऐकणार नाही आपलं. मामाने आता ठरवून टाकलंय. आणि मिस्त्री येतीलच घासायला."

"म्हणून तर करून दाखवायचं! मामाला एका फेरीसाठी तयार करायचं काम माझं. झाकण तपासायचं काम लांबूचं. आणि टिल्लू, मिस्त्री आधी आले तर त्यांना थोपवायचं काम तुझं."

"मी कसं थोपवू?"

भिंगरीने तिथेच ठेवलेल्या हत्यारांच्या पिशवीकडे पाहिलं. टिल्लूनेही पाहिलं. दोघांच्याही मनात एकच लांबट वस्तू आली.

मामा बोटीत इंजिन पुसत बसला होता. भिंगरी त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली.

"मामा, घासण्याआधी या जुन्याला एक शेवटची फेरी नको का? त्याने मला दवाखान्यात पोचवलं आणि मी अजून त्याचे आभारसुद्धा मानले नाहीत."

हे ती बोलली डाव म्हणून. पण बोलता बोलता तिला कळलं, की यात डाव निम्माच आहे. मामाने तिच्याकडे पाहिलं. मग त्याने दोर सोडला.

बोट निघाली. पाणी शांत होतं, ऊन कलत होतं. बोट निम्म्यात आली आणि... खर्र, खर्र, बंद!

मामाचा हात टाकीकडे गेला, त्याआधीच भिंगरी टाकीवर बसली!

"मामा, झाकण उघडायचं नाही!"

"अगं, पेट्रोल बघतो."

"पेट्रोल आहे! म्हातारीला विश्रांती हवी ना? तर नुसती विश्रांती देऊ. हवी तेवढी!"

त्यांनी विश्रांती दिली. पाणी बोटीला चाटत राहिलं. लांबूने किनाऱ्यावरची झाडं मोजून संपवली. मग मामाने दोरी ओढली. खर्र. पुन्हा ओढली. खर्र. दोरी ओढून ओढून त्याचा दंड दुखला, पण इंजिन ढिम्म!

"आता फुगा बघ, मामा."

फुगा वाळक्या अंजिरासारखा चपटा झाला होता. भिंगरी उठली, तिने झाकण धरलं आणि हळूच फिरवलं.

फुस्स्स्!

टाकीने केवढा तरी श्वास आत ओढला. बराच वेळ कुणी नाक दाबून धरावं आणि मग सोडावं, तसा! आणि तिघांच्या डोळ्यांदेखत फुगा हळूहळू गुबगुबीत झाला.

"ओढ मामा!"

भुर्रर्र!

मामा खालीच बसला. "अरे देवा! झाकणाला बारीक भोक असतं हवेसाठी! आहे ना? होतं तरी!"

लांबूने झाकण उलटंपालटं केलं. भोक होतं, पण त्यात काहीतरी घट्ट ठासलेलं होतं. त्याने भिंगरीच्या केसांतली पिन घेऊन ते कोरून काढलं. निळं, आणि त्यात पांढरा धागा. लांबूने ते नाकाशी नेलं आणि त्याचं तोंड वेडंवाकडं झालं.

"ही चव मी ओळखतो," तो म्हणाला.

मग मामा आवंढा गिळून म्हणाला, "आता हे तिला सांगणार कोण?"

बोट पलीकडच्या धक्क्याला वळसा घालून परत आली आणि वाटेत कुठे अडली नाही, ठसकली नाही. मामा सारखा इंजिनावर थोपटत होता, आणि त्याचे डोळे वाऱ्याने ओले झाले होते, असं तो म्हणाला.

धक्क्यावर मात गोंधळ उडाला होता. मिस्त्री पिशवी उलटीसुलटी करून ओरडत होते, "कानस कुठाय? माझी कानस कुठाय?" टिल्लू पायरीवर मांडी घालून बसला होता, चेहरा अगदी साधुपुरुषाचा.

"टिल्लू, ऊठ जरा, तुझ्याखाली बघू दे!"

"नको ना मिस्त्रीकाका, पायाला मुंग्या आल्यात. केव्हाच्या आल्यात. उठलो की चावतात!"

"ऊठ टिल्लू," बोटीतून मामा ओरडला. "आता काही घासायचं नाहीये!"

टिल्लू टुणकन उठला. खाली कानस! मिस्त्री त्याच्यावर धावून जाणार, तेवढ्यात मामाने सगळी हकिगत सांगितली. पिन दाखवली, झाकण दाखवलं, फक्त भोक कुणी बुजवलं एवढं सांगितलं नाही. मिस्त्रींनी झाकण उजेडाकडे धरून भोकातून पाहिलं.

"मी वाटी धूत बसलो," ते शेवटी म्हणाले, "आणि घागरीकडे पाहिलंच नाही! नवा बसवला असता तर तोही थांबला असता, आणि जुनाही हातचा गेला असता."

"कुणी बुजवलं ते भोक?" मागून आवाज आला. चहाचे कप घेऊन अक्का आली होती. "सांगा की! कोण तो शहाणा?"

मामाने आकाश पाहिलं. लांबूने पाणी पाहिलं. टिल्लू पुन्हा खाली बसला.

भिंगरीने धीर केला. "अक्का," ती हळूच म्हणाली, "तेलाच्या डब्याला दोन भोकं का पाडायची?"

"आता सांगितलं ना दुपारी! एक तेलाला, एक वा..."

अक्का थांबली. तिची नजर झाकणावर गेली, मग पिनेवरच्या निळ्या कणावर, मग पुन्हा झाकणावर. अक्काचं तोंड उघडं आहे आणि त्यातून शब्द येत नाही, असं त्या धक्क्याने कधी पाहिलं नव्हतं!

"बाजाराला जाताना मी टाकीशेजारी बसते," ती शेवटी म्हणाली. "पेट्रोलचा वास येतो. डोकं दुखतं. म्हटलं, एवढंसं भोक तर आहे..." तिने मामाकडे पाहिलं. "माझ्या अंगठ्यापायी तू कारखान्यात चालला होतास होय रे?"

"जाऊ दे अक्का. तुझ्याच डब्यामुळे तर कळलं!"

"जाऊ दे काय जाऊ दे!" अक्काने भिंगरीला ओढून असं घट्ट धरलं की तिचा श्वासच अडकला. वाऱ्याच्या दिवशी तान्ह्या भिंगरीला धरलं होतं, ते असंच असणार. "पोरी, घर वाचवलंस गं माझं. तुम्ही तिघांनी वाचवलंत." मग एकदम नाक ओढून म्हणाली, "माझ्यावर गेलीत पोरं. बघताय काय मिस्त्री? चहा निवतोय!"

मिस्त्रींनी नवा कार्बोरेटर खोक्यात परत ठेवला. जुन्याचं एक गॅस्केट मात्र त्यांनी आपणहून बदललं. "हे माझ्याकडून," ते म्हणाले. "पोरांनी माझी अब्रू राखली. आणि टिल्लू, तू मोठा झालास की ये माझ्याकडे. मशीनकडे इतकं नीट बघणारं माणूस मला हवंच आहे."

दुसऱ्या दिवशी परवान्याचे साहेब आले. बोट या धक्क्यावरून त्या धक्क्यावर गेली आणि सुसाट परत आली. साहेबांनी कागदावर शिक्का मारला आणि विचारलं, "इंजिन जुनं दिसतंय. पण काय पळतंय! काय बदललंत?"

"काही नाही साहेब," मामा मुलांकडे बघून हसला. "त्याला श्वास घेऊ दिला. अक्कल या तिघांची."

"शाबास!" साहेबांनी तिघांशी मोठ्या माणसांशी करावं तसं हस्तांदोलन केलं. छत्रीवाले गृहस्थ तिथेच उभे होते. त्यांनीही छत्री काखेत मारून टाळ्या वाजवल्या.

घरी आल्यावर लांबूला आपली बासरी उशीवर मिळाली, पिनेने कोरून स्वच्छ केलेली. "वाजव," अक्का आतून म्हणाली. "पण धक्क्यावर जाऊन!"

तिघंही धक्क्यावर धावले. लांबू वाजवू लागला, टिल्लू नाचू लागला, आणि भिंगरी बोटीत उतरली. तिने जुन्या इंजिनावर हात ठेवला. "थँक्यू," ती हळूच म्हणाली. काल राहिलंच होतं.

मग तिचं लक्ष टाकीकडे गेलं. झाकणाशेजारी कुणीतरी पांढऱ्या रंगाने लिहिलं होतं. अक्षरं वाकडी, एक मोठं, एक लहान, आणि शेवटच्या ओळीत रंग ओघळलेला. वर्षानुवर्षं हातात खडूही न धरलेल्या माणसाने, बराच वेळ बसून, जीव ओतून लिहिलेलं:

हे भोक वाऱ्याचं आहे.
कोणी बुजवायचं नाही.
मी पण नाही.
अक्का